शक्तीचा 'धिस मोमेंट': तीन खंडांत बसून केलेल्या अल्बमबद्दल नेहमी येणारे प्रश्न

आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा डोंबिवलीत एकाच्या घरी जमून गाणी ऐकतो, चहा होतो, वडापाव होतो, आणि मग भांडणं होतात. ह्या अल्बमच्या वेळी मात्र दर महिन्याला तेच प्रश्न यायला लागले, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून काढू. मी तबला शिकलोय पण कार्यक्रम वगैरे करत नाही, नोकरीवाला माणूस आहे, त्यामुळे समीक्षकाच्या भाषेची अपेक्षा ठेवू नका.

हा अल्बम आहे तरी काय?

शक्ती हा ग्रुप, 'धिस मोमेंट' हा अल्बम, जून २०२३ मधे आला. आठ ट्रॅक आहेत. गिटार आणि गिटारला जोडलेला सिंथ (सिंथेसायझर) जॉन मॅक्लॉफलिन, तबला झाकीर हुसेन, गाणं शंकर महादेवन, व्हायोलिन गणेश राजगोपालन, आणि कंजिरा-घटम (दक्षिणेकडची खंजिरी आणि माठ) व्ही. सेल्वागणेश. मॅक्लॉफलिन राहतात मोनॅकोला, झाकीरभाईंचं घर कॅलिफोर्नियात होतं, शंकर महादेवन आपले नवी मुंबईचे, सेल्वागणेश चेन्नईचा. कोविडमधे विमानं बंद, स्टुडिओ बंद, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या जागी वाजवून फाइली एकमेकांना पाठवल्या आणि त्यातून हा अल्बम उभा राहिला.

शक्ती म्हणजे ती जुनीच ना, सत्तरच्या दशकातली?

हो तीच. पण मधे बरंच पाणी वाहून गेलंय. मॅक्लॉफलिन हा इंग्लंडमधे डाँकास्टरला जन्मलेला माणूस, जॅझचा मोठा ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस, त्याच्याबरोबर 'बिचेस ब्रू' ह्या अल्बमवर वाजवलंय (त्यात एका ट्रॅकचं नावच 'जॉन मॅक्लॉफलिन' आहे, एवढा लाडका होता), मग महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला, तो म्हणजे नुसता कानठळ्या बसवणारा इलेक्ट्रिक प्रकार. आणि हाच माणूस अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात जाऊन वीणा शिकत होता. त्यातून १९७५ च्या आसपास शक्ती सुरू झाली, चक्क जमिनीवर मांडी घालून बसून, अकूस्टिक गिटार घेऊन. ती गिटार खास बनवून घेतलेली, मुख्य तारांखालून सात तरफेच्या तारा तिरक्या जाणाऱ्या, आणि दोन पट्ट्यांमधलं लाकूड खरवडून खोलगट केलेलं, म्हणजे सतारीसारखी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ओढता यावी. तेव्हा व्हायोलिनला एल. शंकर, घटमला विक्कू विनायकराम आणि तबल्याला पंचविशीच्या आतबाहेरचे झाकीरभाई.

पहिला अल्बम लाइव्ह होता, मग दोन स्टुडिओ अल्बम, आणि १९७७ च्या 'नॅचरल एलिमेंट्स' नंतर कारभार थांबला. १९९७ ला 'रिमेंबर शक्ती' ह्या नावाने परत सुरू झालं, त्यात मग मँडोलिनला यू. श्रीनिवास आला, विक्कूंच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश आला, २००० च्या सुमारास शंकर महादेवन आले. पण ते सगळं मुख्यतः स्टेजवरचं आणि लाइव्ह रेकॉर्डिंगचं. त्यामुळे शक्ती ह्या नावाने स्टुडिओ अल्बम म्हणाल तर १९७७ नंतर थेट २०२३. सेहेचाळीस वर्षं! एवढ्या वेळात माझा जन्म झाला, शाळा-कॉलेज झालं, लग्न झालं, आणि गुडघेदुखी पण सुरू झाली.

ह्याला जॅझ म्हणायचं, शास्त्रीय म्हणायचं, का फ्यूजन?

दुकानात फ्यूजनच्या कप्प्यात ठेवतात, ग्रॅमीवाले ग्लोबल म्युझिक म्हणतात. मला विचाराल तर फ्यूजन ह्या शब्दाची आपल्याकडे वाट लागलीये, मागे ड्रम्स लावले आणि पुढे कुणी तराणा म्हटला की झालं फ्यूजन, गणपतीच्या मांडवात पण असतं आता. शक्तीमधे फरक असा की गिटारवाल्याला लयकारी येते आणि तबलेवाल्याला जॅझ कळतं. दोघांपैकी कुणीही पाहुणा म्हणून आलेला नाहीये.

लांब बसून वाजवलं म्हणजे झूमवर वाजवलं का?

नाही नाही नाही. हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून जरा हिशेबच मांडतो.

समोरासमोर बसलेल्या दोन वादकांमधे तीन-साडेतीन मीटर अंतर असेल तर आवाज पोचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. एवढ्यावर कुणाचं काही अडत नाही. २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की लय खेचल्यासारखी वाटायला लागते, दोघंही एकमेकांसाठी थांबत थांबत हळू होत जातात. आता मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तार एकदम सरळ रेषेत टाकली (जी नसते) आणि मधे कुठलंही यंत्र नसलं (जी असतात) तरी एका बाजूने ६७-६८ मिलिसेकंद लागणारच. जाऊन-येऊन १३५. हे इंटरनेट कितीही भारी घेतलं तरी कमी होणार नाही, फायबरचा प्लॅन बदलून उपयोग नाही, तो प्रकाशाचा वेगच आहे.

तबल्याच्या भाषेत बघा. द्रुत तीनताल, मिनिटाला २०० मात्रा, आणि चौपटीत, म्हणजे मात्रेला चार, बोल चाललेत. एक बोल झाला ७५ मिलिसेकंदांचा. म्हणजे कॅलिफोर्नियातून निघालेला बोल वाशीला पोचेपर्यंत झाकीरभाई जवळजवळ पुढच्या बोलावर गेलेले असणार, आणि त्यावर वाशीहून दिलेली दाद त्यांच्यापर्यंत जाईतो अजून एक बोल संपलेला. हे आदर्श परिस्थितीत, खऱ्या नेटवर त्याच्या दुप्पट धरा. भजनी मंडळ सुद्धा ह्याच्यावर चालणार नाही, शक्ती कुठून चालणार.

मग करतात कसं?

एकावर एक थर चढवत. कुणीतरी आधी एक आराखडा वाजवून पाठवतो, त्याच्याबरोबर क्लिक असते, म्हणजे ठरलेल्या लयीची टिकटिक. पुढचा माणूस ती फाइल कानात लावून आपला भाग वाजवतो आणि फक्त आपला भाग परत पाठवतो. असं फिरत फिरत शेवटी एक जण सगळ्या फाइली एकत्र मांडतो आणि मिक्स करतो. फाइली मोठ्या असतात, २४ बिट ४८ किलोहर्ट्झला एका माइकचं एक मिनिट म्हणजे साडेआठ एमबीच्या वर जातं, तबल्याला चार माइक लावले तर सहा मिनिटांच्या एका टेकला दोनशे एमबी. हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं नसतं.

वरवर सोपं वाटतं. मी आणि माझा मावसभाऊ (तो टोरांटोला असतो, गिटार वाजवतो) आम्ही लॉकडाऊनमधे हाच प्रयोग केलेला, म्हणून सांगतो. बेडरूमच्या खिडकीला दोन गोधड्या, दाराखाली टॉवेल, पंखा बंद, मे महिना. बायकोला सांगितलेलं की कुकर लावू नकोस, तिने नाही लावला, शेजारच्या काकूंनी लावला. चौथ्या टेकच्या शेवटी अगदी तिहाईवर (शेवटाला तीनदा वाजवायचा तुकडा) शिट्टी. पाचवा टेक चांगला झाला तो पाठवला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा फोन, "दादा, तू तबला कुठल्या सुरात लावलायस?" म्हटलं काळी एक, आपलं ठरलंय ना. तो म्हणाला ही काळी एक नाहीये, आणि तू लय पण वाढवलीस. मी चिडलो, तो चिडला, दोन दिवस बोलणं बंद.

तिसऱ्या दिवशी कळलं. माझी फाइल ४४.१ किलोहर्ट्झची, त्याचं सेटिंग ४८ चं, आणि त्याच्या सॉफ्टवेअरने न बदलता तशीच उघडली. त्यामुळे तबला जवळजवळ दीड पट्टी वर गेला, पांढरी दोन आणि काळी दोनच्या बरोब्बर मधे, आणि मिनिटाला ८० मात्रांची लय झाली ८७. त्या सुरात जगात कुणाचंच वाद्य लागत नाही. आता आम्ही फाइलीच्या नावातच सगळं लिहितो, पट्टी, लय, किलोहर्ट्झ, आणि सगळ्यांच्या फाइली शून्य सेकंदापासूनच सुरू करायच्या, मधूनच नाही. मोठे लोकही हेच करतात, त्यांच्याकडे ते सांभाळायला इंजिनीअर असतात एवढंच.

भेटायच्या वेळा कशा जुळतात?

बोलण्यापुरता कॉल करायचा म्हटलं तर उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे ९ म्हणजे मोनॅकोत संध्याकाळचे साडेपाच आणि कॅलिफोर्नियात सकाळचे साडेआठ. म्हणजे एकाचं जेवण झालेलं, एकाचा चहा, एकाचा नाश्ता. त्यातल्या त्यात सगळे जागे.

एकमेकांना न बघता समेवर कसे येतात?

हा खरा प्रश्न. मला स्वतःला ह्या अल्बममधे सगळ्यात जास्त रस इथेच आहे.

मैफलीत बघा, तबलजी आणि गायक समेच्या (तालाच्या फेरीची पहिली मात्रा, जिथे सगळे एकत्र येतात) आधी एकमेकांकडे बघतात. डोळ्यांनी ठरतं, आता येतोय, तू पण ये. झाकीरभाईंचं तर अर्धं वादन त्या नजरेत असायचं, समोरच्याने काही चांगलं घेतलं की मान उडायची, हसू फुटायचं, आणि पुढच्या आवर्तनात तेच उलटून वाजवून दाखवायचे. फाइलीला डोळे नसतात. मग काय करायचं?

एक म्हणजे लयीचा हिशेब हा मुळात बघण्यावर अवलंबून नाहीये. तीनतालाच्या १६ मात्रा आहेत. पाच अक्षरांचा बोल घ्या, तकतकिट. मात्रेला एक अक्षर ह्या हिशेबाने तीनदा म्हटला की १५ मात्रा. म्हणजे दुसऱ्या मात्रेवर उचलला तर २ ते ६, ७ ते ११, १२ ते १६, आणि धा बरोबर समेवर. ही तिहाई चेन्नईत मोजली काय आणि मोनॅकोत मोजली काय, उत्तर एकच येणार. कर्नाटकी लोकांनी तर ह्याचं मुखोद्गत शास्त्रच केलंय, कोन्नकोल. तकिट तीन, तकधिमि चार, तकतकिट पाच, तकिटतकधिमि सात. वाद्य न घेता तोंडाने सगळी रचना म्हणता येते. मॅक्लॉफलिन हे नीट शिकलाय, सेल्वागणेशबरोबर त्यांनी कोन्नकोल शिकवणारी एक डीव्हीडी पण काढलेली २००७ मधे. म्हणजे ह्या लोकांना "तिथे जरा असं काहीतरी ढिंग ढिंग कर" असं सांगावं लागत नाही. बोल म्हटला की संपलं. नोटेशन पाठवायची गरज नाही, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी पुरतं. मला वाटतं लांबून असं काम करायला जगातली सगळ्यात सोयीची पद्धत आपल्याकडे हजार वर्षांपासून पडून होती, इंटरनेटच उशिरा आलं.

दुसरं म्हणजे ओळख. मॅक्लॉफलिन आणि झाकीर पन्नास वर्षं एकत्र वाजवत होते. त्या माणसाने गिटारवर एक सूर जरा जास्त लांबवला की त्यानंतर तो काय करणार हे झाकीरभाईंना कानानेच कळत असणार. घरात बायको स्वयंपाकघरात भांडं कसं ठेवते त्यावरून आपल्याला कळतंच ना आज काय मूड आहे, समोर जाऊन बघावं लागत नाही. हाच अल्बम एकमेकांना पहिल्यांदा भेटलेल्या पाच जणांनी फाइली पाठवून केला असता तर नीटनेटका झाला असता, पण असा झाला नसता.

क्लिकवर वाजवलं की लय मेल्यासारखी वाटते ना?

वाटते. आपल्या मैफलीत लय हळूहळू वाढते, ती सगळ्यांनी मिळून वाढवलेली असते, क्लिकमधे ती मजा नाही. ह्यावर उपाय असा की क्लिक ठरवतानाच ती पुढे हळूहळू वाढत जाईल अशी आखता येते. आणि भारी वादक क्लिकच्या किंचित मागे किंवा पुढे राहून वाजवतो, टिकटिक तिथेच, हा मात्र डुलत चाललाय. तबल्याचा बायाँ (डाव्या हाताचा, खर्जाचा) ऐका ह्या अल्बममधे, ती घुमक टिकटिकीवर बसलेली वाटतच नाही.

रागाला कॉर्ड लावणं म्हणजे रागाचा खून नाही का?

आमच्या बैठकीतले एक ज्येष्ठ सदस्य दर वेळी हे म्हणतात आणि दर वेळी जेवून जातात.

बघा, त्यांच्या म्हणण्यात दम आहे. आपलं संगीत एका सा वर उभं आहे, खाली तंबोरा, वर राग, आणि प्रत्येक सुराचं नातं त्या सा शी. कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) बदलली की पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होतं. पण एक गोष्ट आपल्याकडेही आहे, मूर्च्छना. भूप घ्या, सा रे ग प ध. हेच पाच सूर ठेवून गंधाराला सा माना, मालकंस होतो. पंचमाला सा माना, दुर्गा. धैवताला माना, धानी. रिषभाला माना तर मेघाच्या वळणाचं काहीतरी. सूर तेच, आधार बदलला की चेहरा बदलला. कॉर्डवाला हेच करतो, फक्त तो हे दर दोन-चार आवर्तनांनी करतो आणि सांगून करत नाही. अल्बममधे 'मोहनम' नावाचा ट्रॅक आहे, मोहनम म्हणजे कर्नाटकीतला आपला भूपच. तो लावा आणि गाण्याकडे न ऐकता खालच्या आधाराकडे ऐका, वर शंकर महादेवन सरळ भूपाच्या वाटेने चाललेत आणि खालची जमीन मात्र रंग बदलतीये.

मॅक्लॉफलिनने ह्याआधी २०२० मधे झाकीर आणि शंकर महादेवन ह्यांना घेऊन 'इज दॅट सो?' नावाचा अल्बम केला, त्याला काही वर्षं लागली, त्यात तर त्याने रागाचे नियम सरळ बाजूला ठेवून शंकरच्या आवाजाखाली पाश्चात्त्य हार्मनी, म्हणजे बदलत्या कॉर्ड, घातली. मला तो थोडा जड जातो, झोपेत पोहल्यासारखा. 'धिस मोमेंट' मधे तीच हार्मनी आहे पण खाली तालवाद्यांचा पक्का कट्टा आहे, त्यामुळे बसायला जागा मिळते.

शंकर महादेवन म्हणजे ते ब्रेथलेसवाले आणि जाहिरातींवालेच ना? ते इथे काय करतायत?

तेच. आणि ह्या प्रश्नातला तो जरासा तुच्छतेचा सूर मला आवडत नाही. माणूस चेंबूरचा, लहानपणी वीणा शिकला, नेरुळच्या कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनीअर झाला, सॉफ्टवेअरमधे नोकरी केली, आणि आपल्या श्रीनिवास खळ्यांकडे शिकलाय! खळेकाकांच्या चाली गाऊन बघा एकदा, दिसायला साध्या, म्हणायला बसलं की घाम फुटतो, सूर नक्की कुठून वळवला तेच कळत नाही. ते वळण अंगात असलेला माणूस मॅक्लॉफलिनच्या चमत्कारिक कॉर्डवर न घसरता उभा राहतो ह्यात नवल नाही. 'कट्यार काळजात घुसली' मधे पंडितजी म्हणून पाहिलंच असेल त्यांना. कर्नाटकी सरगम, हिंदुस्थानी आलाप आणि मराठी भावगीताचा लगाव एकाच गळ्यात, ही चेंबूरची देणगी म्हणायची, तिथे एका गल्लीत तमिळ, मराठी, सिंधी, पंजाबी सगळं असतं.

कुठल्या ट्रॅकपासून सुरू करू?

'गिरिराज सुधा' पासून करा. ही कर्नाटकी संगीतकार त्यागराजांच्या 'गिरिराजसुता तनय' ह्या रचनेवर बेतलेली चीज आहे, गिरिराजाची सुता म्हणजे पार्वती आणि तिचा तनय म्हणजे आपला बाप्पा. तेव्हा ओळख आधीच झालेली आहे असं समजा. हीच चीज 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' ह्या २००१ च्या लाइव्ह अल्बममधे पण आहे, तेव्हा मँडोलिनवर श्रीनिवास होता. दोन्ही एकापाठोपाठ लावा.

मग 'श्रीनीज ड्रीम', पहिलाच ट्रॅक, त्याच श्रीनिवासच्या आठवणीतला. तो सप्टेंबर २०१४ मधे गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, आणि त्यानंतर ह्या मंडळींचं एकत्र वाजवणं बराच काळ थांबलेलंच होतं. मँडोलिनची जागा मँडोलिनने भरलेली नाही हे मला फार आवडलं, गणेश राजगोपालनचं व्हायोलिन आणलं, म्हणजे एका अर्थी एल. शंकरच्या काळातल्या आवाजाकडे परत गेले.

'लास पाल्मास' मधे फ्लेमेंकोचा (स्पेनमधलं गाणं-नाच) वास आहे, पाल्मास म्हणजे त्या लोकांच्या टाळ्या. 'करुणा' रात्री ऐका. 'बेंडिंग द रूल्स' मला तिसऱ्या वेळी कळला. बाकीचे तुम्ही बघा.

हे ऐकायला भारी हेडफोन लागतो का?

नाही, पण फोनच्या स्पीकरवर लावू नका, बायाँ ऐकूच येत नाही त्यात.

ग्रॅमी मिळाली ना ह्याला?

हो, फेब्रुवारी २०२४, लॉस एंजेलिस, बेस्ट ग्लोबल म्युझिक अल्बम. त्याच संध्याकाळी झाकीरभाईंना अजून दोन मिळाल्या, बेला फ्लेक, एडगर मायर आणि राकेश चौरसिया ह्यांच्याबरोबरच्या कामासाठी, एका रात्रीत तीन. आपल्याकडे बातमी अशी आली की जणू भारताने वर्ल्ड कप जिंकला, आणि त्यात मॅक्लॉफलिनचं नाव बऱ्याच जणांनी शेवटच्या ओळीत टाकलं, जे काही बरं नाही. हा ग्रुप त्याच्या डोक्यातून निघालाय.

खरं सांगा, लाइव्ह शक्ती जास्त चांगली की हा अल्बम?

लाइव्ह. इथे मी भक्त लोकांच्या शिव्या खायला तयार आहे. अल्बममधे जिथे जिथे सवाल-जवाब येतो तिथे माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते, कारण सवाल आधी वाजवून ठेवलाय, जवाब देणाऱ्याने तो दहा वेळा ऐकलाय, आवडला नाही तर स्वतःचा जवाब पुसून परत वाजवलाय. सवाल-जवाबात एक गंमत असते की समोरचा अडकू शकतो. श्रोत्यांचा श्वास त्याच्यासाठीच थांबतो. फाइलीत कुणीच अडकत नाही. आणि सगळं इतकं पुसून चकचकीत केलेलं आहे की कधी कधी वाटतं कुणीतरी खोकावं तरी.

पण दुसरी बाजूही आहे, रचनेच्या दृष्टीने हा अल्बम लाइव्हपेक्षा जास्त बांधीव आहे. स्टेजवर वीस वीस मिनिटं चालणाऱ्या गोष्टी इथे आटोपशीर आहेत, कोरससारखे आवाजावर आवाज चढवलेत, जे एका गळ्याने स्टेजवर शक्यच नाही. म्हणजे आंबा आणि आमरस, दोन्ही खावं. जानेवारी २०२३ मधे हे लोक पन्नास वर्षांच्या निमित्ताने भारतात वाजवून गेले, मग युरोप-अमेरिका केली, आणि त्या दौऱ्यातलं 'माइंड एक्स्प्लोजन' नावाचं लाइव्ह रेकॉर्डिंग २०२५ मधे आलं. ते लावलं की फरक लगेच कळतो.

आता पुढे शक्ती होणार का?

झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोला गेले. दर वर्षी ३ फेब्रुवारीला अब्बाजींच्या, म्हणजे त्यांचे वडील उस्ताद अल्लारखाँ ह्यांच्या, बरसीला षण्मुखानंदमधे पहाटेपासून कार्यक्रम असायचा, एकदा आम्ही पहिल्या लोकलने गेलेलो, अंधारात. सायनला उतरून चालत चालत, हातात कटिंग. त्या माणसाशिवाय शक्ती मला कल्पनेतही दिसत नाही. ह्यावर जास्त लिहीत नाही.

असे लांबून केलेले अजून अल्बम सांगा ना.

मॅक्लॉफलिनचाच 'लिबरेशन टाइम', २०२१. तोही लॉकडाऊनमधे फाइली फिरवून केलेला, पण हा सरळ जॅझ-फ्यूजन, इलेक्ट्रिक, ड्रम्स, पियानो. ह्यात 'लॉकडाऊन ब्लूज' नावाचा ट्रॅक आहे आणि त्यात आपल्या मुंबईचा रणजित बारोट ड्रम्स वाजवता वाजवता कोन्नकोल म्हणतो, तो तुकडा मी जिममधे लावतो. 'माइल्स फ्रॉम इंडिया', २००८, माइल्स डेव्हिसच्या रचना भारतीय आणि अमेरिकन वादकांनी मिळून वाजवलेल्या, त्यातही दोन्हीकडचं वेगवेगळं रेकॉर्ड करून जोडलेलं बरंच काही आहे. आणि एकत्र बसून केलेलं ऐकायचं असेल तर 'फ्लोटिंग पॉइंट', चेन्नईत रेकॉर्ड केलेला, म्हणजे तुलना करता येईल.

बाकी मुंबईला जॅझ नवीन नाही. गोव्याहून आलेल्या वादकांनी इथल्या हॉटेलांमधे आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आयुष्यं घातली, १९७८ पासून धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा भरायची. आमच्या बैठकीतले ते जेवून जाणारे काका तिथे गेलेत, कॉर्डला शिव्या देतात पण तिकिटाचा तुकडा अजून जपून ठेवलाय.

आम्हालाही घरून असं करून बघायचंय, काय लागतं?

बरा माइक, साधं ऑडिओ इंटरफेस, कानाला गच्च बसणारा हेडफोन (उघडा घेतलात तर क्लिकची टिकटिक माइकमधे शिरते आणि नंतर निघत नाही), आणि गोधड्या. लय आणि पट्टी आधी ठरवा. सुरुवातीला दोन आवर्तनं रिकामी टिकटिक ठेवा, म्हणजे समोरच्याला उचलायला वेळ मिळतो. तबला असेल तर टेकच्या आधी पाच सेकंद नुसती चाटीवरची ना (तबल्याच्या कडेचा खणखणीत बोल) वाजवून ठेवा, म्हणजे सूर कुठे लागलाय हे पलीकडच्याला तपासता येतं, फोन करून भांडावं लागत नाही. एक टेक झाला की लगेच पुसू नका, चुकलेलाच कधी कधी बरा असतो.

आमच्या त्या ट्रॅकमधे शेवटी कुकरच्या शिट्टीचा चौथा टेकच ठेवलाय. भावाने ती शिट्टी कुठल्या सुरात आहे ते शोधून तोच सूर गिटारवर लांबवला आणि तिथून पुढचा आलाप उचलला. शेजारच्या काकूंना ऐकवला तेव्हा त्या म्हणाल्या, छान आहे, पण तुझा तबला जरा कमी ऐकू येतोय.